टीपी दाखवा!

विशाखा खोब्रागडेच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर आधी दारात अडायला लागायचं. आतून आवाज यायचा, "टीपी?" मग आपण कशाला आलो ते एका वाक्यात सांगायचं. "चहाला" चालायचं. "प्राचार्यांनी निरोप दिलाय" हेही चालायचं, पण नाखुशीनं. "सहज आले" असं मात्र म्हणायची सोय नव्हती. सहज आलेला माणूस हा तिच्या हिशेबी विनापरवाना माल होता आणि तो व्हरांड्यातच उभा राहायचा. एकदा बाहेरगावाहून आलेले एक बडे गृहस्थ तिथे बराच वेळ ताटकळले, कारण टीपी म्हणजे टाइमपास असा त्यांचा समज होता आणि या वयात आपल्याला असं का विचारतात ते त्यांना कळेना.

आमच्या गडचिरोलीकडे मात्र टीपी म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जंगलातून साग, बांबू, काहीही बाहेर न्यायचं तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो, तीच टीपी. रस्त्यावर नाका, नाक्याला आडवा बांबू, बांबूशेजारी नाकेदार. टीपी असेल तर बांबू वर, नसेल तर गाडी बाजूला. विशाखाचे वडील लहानूजी खोब्रागडे आलापल्लीच्या पुढच्या नाक्यावर नाकेदार होते आणि विशाखाचं बालपण त्या बांबूला लोंबकळण्यात गेलं. पुढे ती हैदराबादला शिकली, परदेशी जाऊन आली, मोठमोठ्या यंत्रांवर काम केलं, आणि एके दिवशी सामान घेऊन आमच्या कॉलेजात हजर झाली. नाका मात्र तिच्या डोक्यातून कधी हलला नाही.

ती रेणवीय जीवशास्त्रज्ञ होती. म्हणजे पेशीच्या आत काय चालतं ते रेणूंपर्यंत खाली उतरून पाहणारी. हे वाक्य मी तिच्याकडूनच पाठ केलं आहे. मी मराठी शिकवते. आमच्या विभागाची आणि तिच्या प्रयोगशाळेची भिंत एक, एवढाच आमचा शास्त्रीय संबंध. त्या भिंतीवर तिनं पहिल्याच आठवड्यात धाडधाड हात मारला, आणि मी काय पडलं म्हणून उठेपर्यंत ती दारात उभी होती. अंबाड्यात दोन पेनं खोचलेली, बोलताना चवड्यांवर उभी राहायची सवय, आणि आवाज असा की आमचा शिपाई बाहेरून आत डोकावला.

"मराठी मॅडम, एक शब्द पायजे. जनुक नियमन म्हटलं का पोट्टे झोपून राह्यले."

मी म्हटलं, "नियंत्रण म्हणून बघ."

"थे तं गर्दीचं असते." ती माझ्या टेबलावरच बसली. "मॅडम, मले सांगा, तुमच्या डोळ्यातल्या पेशीत जे जनुकं हायेत तेच तुमच्या नखातल्या पेशीत. सगळेच्या सगळे. मंग डोळ्यात नख काऊन नाई उगवत?"

मला हा प्रश्न उभ्या जन्मात पडला नव्हता. त्या दिवशी तो पडला आणि मी आरशासमोर जाऊन डोळे तपासले हे खरं आहे.

"कोणतं जनुक कुठी चालू, कुठी बंद, कवा चालू, कवा बंद! कोणीतरी आत जाऊन बटन दाबते, मॅडम! त्याले काय म्हणता?" एवढं बोलून तिनं माझ्या पाठीवर एक थाप दिली. उत्साह आला की जवळच्या माणसाला थाप ही तिची पद्धत, आणि उत्साह तिला दिवसभर येत असायचा. पुढे मी तिच्या डाव्या बाजूला बसायची युक्ती शोधली. शब्द मात्र मला तेव्हा सापडला नाही, आणि तिनंही माझी वाट पाहिली नाही. तिनं आपल्या घरचेच शब्द काढले, नाका आणि टीपी.

तिचा विषय होता कोसा, म्हणजे टसर रेशीम. आरमोरीकडे येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर कोशाच्या अळ्या पाळतात, त्या पानं खाऊन गलेलठ्ठ होतात आणि मग आपल्याभोवती रेशमाचा कोष विणतात. अळीच्या पोटात रेशमाची ग्रंथी असते. रेशमाचं जनुक तिथे एरवी गप्प असतं आणि वेळ आली की असं जोरात सुरू होतं की ग्रंथी रेशमानं ठासून भरते. पण अलीकडे काही अळ्यांचे कोष पोचट निघत होते. विशाखाचं म्हणणं असं की त्या अळ्यांत बटण दाबणारा आत पोचतच नाही.

त्या बटण दाबणाऱ्या प्रथिनाला तिनं नाव ठेवलं होतं कोतवाल. पेशीच्या मधोमध केंद्रक, म्हणजे गावची कचेरी. जनुकं सगळी त्या कचेरीत. तिला कुंपण, आणि कुंपणाला नाके. प्रथिनं तयार होतात कुंपणाबाहेर. ज्याला आत जायचं त्याच्या अंगावर एक छोटासा तुकडा असावा लागतो, तीच त्याची टीपी. तो पाहूनच नाका उघडतो. कोतवालानं आत जायचं आणि दवंडी द्यायची की रेशमाचं काम सुरू करा.

"पण कोतवालाला जंगलखात्याची टीपी कशाला?" मी विचारलं. शेवटी मी भाषेची शिक्षिका.

"तुमी भाषावाले भल्ला तरास देता, मॅडम," ती म्हणाली.

अडचण एकच होती. कोतवाल आत जात नव्हता.

हे पाहायची तिची रीत मला फार आवडायची. किड्याच्या पेशी ती बाटलीत वाढवायची. रोज सकाळी त्यांचं कपाट उघडून "उठले का बाप्पा?" असं विचारायची. मग कोतवालाला एक चमकणारं शेपूट जोडून त्या पेशींत सोडायची. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकावरची खोळ काढायची (ती तिच्या आईच्या जुन्या लुगड्याची होती) आणि खाली पाहायचं. कोतवाल जिथे असेल तिथे हिरवा उजेड. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडलेच. काळ्या अंधारात हिरवीगार वर्तुळं, आणि प्रत्येकाच्या मधोमध काळं भोक.

"मेदूवडा!" मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. "तोच तं लोचा हाय. मधातलं भोक म्हणजे कचेरी. कोतवाल सगळा बाहेर हिंडून राह्यला."

तेव्हापासून आमचा व्यवहार ठरला. भिंतीवर थाप पडली की मी इकडून विचारायचे, "काय गं?" आणि तिकडून उत्तर यायचं, "वडा!" वर्षानुवर्षं वडाच. हैदराबादच्या तिच्या मोठ्या सरांनी तिला स्वच्छ सांगून टाकलं होतं की या प्रथिनाकडे आत जायचा परवानाच नाही, ते बाहेरचंच आहे, नाद सोड. तिचा लेख दोनदा परत आला होता, दोन्ही वेळा याच कारणानं. पण सरांचा जीव होता तिच्यावर. आपल्या प्रयोगशाळेत त्यांनी तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती. इथे आमच्याकडे वीज गेली की ती ई-रिक्षाची बॅटरी जोडून पेशी जगवायची, आणि तिथे सगळं कसं हात जोडून उभं होतं.

"सर म्हणतात परवाना नाही," मी एकदा भीत भीत म्हटलं.

"नाई कसा? मॅडम, कोतवाल कुंपणाले चिकटून उभा हाय. पाहा ना, भोकाच्या काठावर उजेड जास्त हाय का नाई? थो अडला हाय. थांबणं येगळं, अडणं येगळं. जे नाईच, थे अडत नाई!"

हे तिचं ठेवणीतलं वाक्य होतं. पगार अडला, पाऊस अडला, लिफ्ट अडली, सगळ्याला हेच. त्या वर्षी पावसाळा तोंडावर आला तेव्हा मात्र तिनं स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं, "या हंगामात कोतवाल आत गेला तं मी इथी. नाई गेला, तं मी चाल्ली हैदराबादले." कोणी हसलं, कोणी समोसा पुढे केला. भिंतीपलीकडचा तो आवाज नसलेलं कॉलेज मला मात्र कल्पनेतही पाहवेना.

आरमोरीच्या पलीकडे सायत्राबाई नावाच्या कोसा पाळणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या येनाच्या झाडांवर विशाखाच्या अळ्या सोडलेल्या असायच्या. कोष विणायच्या बेतात आलेल्या अळ्यांची ग्रंथी काढून त्यात कोतवाल कुठे आहे ते पाहायचं, असा त्या हंगामाचा बेत. आता अळी वाढताना मधूनमधून खाणं सोडून निपचित पडते, कात टाकते आणि पुन्हा दुप्पट खायला लागते. त्याला झोप म्हणतात. शेवटची झोप झाली की कोष जवळ आला. त्यामुळे एका दुपारी सायत्राबाईंचा फोन आला, "मॅडम, सारे झोपले," तेव्हा विशाखानं आनंदानं अख्ख्या स्टाफरूमला पेढे वाटले आणि मला ओढत गाडीत घातलं.

तिथे पोचलो तर सायत्राबाई येनाखाली डोक्याला हात लावून बसलेल्या. फांद्याफांद्यांवर अळ्या उलट्या लटकत होत्या, काळ्या पडलेल्या. रोग पडला होता.

"बाई, तुमी तं म्हटलं झोपले!"

"मंग काय म्हणू?" सायत्राबाई रडवेल्या झाल्या. "झाडाखाली उभं राहून मेले म्हणत नाई आमच्यात. लेकरं हायेत थे. झोपलेच म्हणतो आमी."

विशाखानं चपला काढल्या, सायत्राबाईंच्या शेजारी मातीत बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "चूक माहीच हाय बाई. मले पुसाले पायजे होतं, कोन्ती झोप." परतताना पेढ्यांचा उरलेला पुडा मागच्या सीटवर घरंगळत होता आणि आम्ही दोघीही त्याच्याकडे पाहत नव्हतो. दुसऱ्या पिकाच्या थोड्या अळ्या तेवढ्या सायत्राबाईंकडे शिल्लक होत्या. पण त्या मोठ्या व्हायला वेळ होता, आणि हैदराबादहून फोनवर फोन येत होते.

त्या रविवारी ती अहेरीला वडिलांकडे निघाली. लहानूजीभाऊ निवृत्त होऊन तिथे राहत होते. लेकीचा आवाज फोनवर बारीक ऐकून त्यांनी मटणाचा बेत केला होता. तिला एकटीला सोडणं मला बरं वाटेना, म्हणून मीही गेले. चामोर्शी गेलं, आष्टी गेलं, एकही थाप नाही. आलापल्ली सुटली आणि नाक्यावर आमची गाडी थांबली, कारण पुढे सागाचा एक ट्रक आडवा लावलेला. ड्रायव्हर नाकेदाराशी हातवारे करून भांडत होता.

"टीपी हाय ना हातात? वाच ना मंग!"

"वाचली. कागद बरोबर हाय," नाकेदार म्हणाला. "पण लाकडावर शिक्का कुठी हाय?"

सागाच्या प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर वनखात्याचा हातोडा मारलेला असतो. हातोड्याची खूण दिसली तरच कागदाला अर्थ. इथे ट्रकच्या मागून पाहिलं तर सगळी तोंडं कोरी. ड्रायव्हर आईशप्पथ घेत होता, नाकेदार बांबू वर करत नव्हता. शेवटी चढाच्या रस्त्याला गाडी उलटू नये म्हणून हमालांनी जाड बुंधे केबिनकडे करून माल भरला होता असं निघालं. हातोडा मारलेला तो नेमका बुंध्यांवर. म्हणजे शिक्के सगळे होते, पण केबिनला टेकलेले, आतल्या बाजूनं. हमालांनी शिव्या देत एक ओंडका ओढून काढला, फिरवला, आणि दिसला की शिक्का, ठसठशीत.

माझ्या पाठीत जी थाप बसली ती मला पुढे आठवडाभर पुरली.

"आतल्या बाजूनं! मॅडम! आतल्या बाजूनं हाय!" विशाखा गाडीतून उतरली, पळत ट्रकपाशी गेली, त्या शिक्क्यावरून हात फिरवला, नाकेदाराचा हात धरून हलवला, ड्रायव्हरचाही हलवला. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. "कोतवालाजवळ टीपी हाय! पण त्याचंच एक टोक तिच्यावर दुमडलं हाय! नाक्याले थे दिसूनच नाई राह्यलं! मी येड्यावानी टीपी शोधून राह्यली, अन् पाहाले पायजे होतं माल कसा भरला थे!"

ती परत येऊन गाडीत बसली आणि गाडी वळवली. थेट गडचिरोलीच्या दिशेनं. मी म्हटलं, "अगं, अहेरी तिकडे." ते तिच्या कानात शिरलंच नाही. आष्टीचा पूल आला तेव्हा फोन वाजला. तिनं तो माझ्याकडे दिला आणि मी आवाज मोठा केला.

"कुठी हाय तुमी?" लहानूजीभाऊ विचारत होते. "मटण थंडं होऊन राह्यलं."

"बाबा, मी नाक्यावरून वापस चाल्ली!"

"काऊन? टीपी नवती काय?"

"होती बाबा! होती! आतल्या बाजूनं होती!"

लहानूजीभाऊ म्हणाले, "असं का. मंग बरं," आणि त्यांनी फोन ठेवला. लेक काय शोधते ते त्यांना कितपत कळायचं कोण जाणे, पण लोकांना ते अभिमानानं सांगायचे की माही पोरगी किड्यायची नाकेदार हाय.

पुढचे आठवडे भिंतीपलीकडे नुसती धावपळ. कोतवालाचं दुमडणारं टोक कापून टाकायचं, बाकी कोतवाल जसाच्या तसा ठेवायचा आणि पेशीत सोडायचा, असा प्रयोग. बोलायला सोपं. प्रत्यक्षात कधी टोकाऐवजी दुसरंच काही कापलं जायचं, कधी पेशीच रुसायच्या. ती जेवायची विसरायची. मी डबा नेला तरी दारात "टीपी?" हे विचारायला मात्र विसरायची नाही. रोज मला वाटायचं, आज भिंतीवर थाप पडेल आणि तिकडून "वडा" ऐकू येईल, आणि मग सामानाची बांधाबांध.

थाप पडली ती नेमकी माझा तास चालू असताना. त्याच दिवशी कॉलेजची तपासणी करायला एक समिती आलेली, आणि समितीचे अध्यक्ष माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून माझं शिकवणं पाहत होते. मी अलंकार समजावत होते. भिंत हादरली. मी सवयीनं, समिती, अलंकार सगळं विसरून ओरडले, "काय गं?"

उत्तर आलं नाही. व्हरांड्यात धावती पावलं वाजली आणि ती दारात आली, अंबाडा सुटलेला, पेनं कुठेतरी गळालेली.

"हाफ फ्राय!" ती ओरडली. "मॅडम, हाफ फ्राय! गेला थो! गेला आत!"

मी खडू टाकून धावले. वर्ग माझ्यामागे धावला. समितीचे अध्यक्षही धावले, बहुधा आग लागली समजून. सूक्ष्मदर्शकात मी पाहिलं आणि माझे डोळे भरले. तीच वर्तुळं, पण काळं भोक कुठेच नाही. प्रत्येक वर्तुळाच्या मधोमध हिरवा गोळा, झगझगीत, अंड्याच्या बलकासारखा. वर्षानुवर्षं कुंपणाबाहेर ताटकळलेला कोतवाल कचेरीत जाऊन बसला होता. मी तिला घट्ट धरलं आणि आम्ही दोघी नाचलो. माझं वय आणि पद पाहता नाचायला नको होतं, पण नाचलो. मराठीची पोरं, शिपाई, प्राचार्य, सगळे रांग लावून आत येऊन पाहून गेले. अध्यक्षांनी दोनदा पाहिलं आणि विचारलं, "यात अंडं कुठलं?" त्या दिवशी दारात तिनं कोणाकडेच टीपी मागितली नाही.

मग दुसऱ्या पिकाच्या अळ्या मोठ्या झाल्या. सायत्राबाईंनी या वेळी फोनवर बजावून सांगितलं, "मॅडम, खरी झोप. उठूनसन्या खाऊन राह्यले." ग्रंथी तपासल्या. कोष विणायला निघालेल्या अळीत कोतवालाचं टोक आपोआप तुटलेलं आणि कोतवाल आत. पोचट कोषवाल्या अळीत टोक तसंच दुमडलेलं आणि कोतवाल बाहेर. तिसऱ्यांदा पाठवलेला लेख स्वीकारला गेला. हैदराबादच्या सरांचा फोन आला आणि ते म्हणाले, मी चुकलो, तू ये आणि सगळ्यांसमोर सांग. जिवंत अळ्या घेऊन ये. आणि आता तर तू इकडे कायमची यायलाच हवीस, जागा तयार आहे.

आता पंचाईत अशी झाली की कोतवाल आत गेला नसता तर ती जाणार होती, आणि आत गेल्यामुळे तिनं जावं असं सगळ्यांनाच वाटायला लागलं. प्राचार्य निरोपाच्या गोष्टी करू लागले. कोणी म्हणालं, इथे ती बॅटरीवर किती दिवस काढणार? खरंच होतं. विशाखा स्वतः काहीच बोलत नव्हती. मी विचारलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

ती निघाली तेव्हा मी अहेरीपर्यंत सोबत जाणार होते. लहानूजीभाऊंनी थंड झालेल्या मटणाच्या बदल्यात नवं निमंत्रण दिलं होतं. मला तिथे सोडून ती सिरोंच्याकडून गोदावरी ओलांडून पुढे जाणार होती. मागच्या सीटवर पाण्याच्या डब्यात येनाच्या ताज्या फांद्या आणि फांद्यांवर सायत्राबाईंच्या पुढच्या पिकाच्या हिरव्या, जाडजूड अळ्या. वाटभर ती बोलत होती. नाका आला आणि एक खाकीतली तरुण वनरक्षक बाई पुढे झाली. नवीनच बदलून आलेली असावी. तिनं मागच्या काचेतून पाहिलं.

"येन हाय ना हे? टीपी?"

विशाखा माझ्याकडे पाहत राहिली आणि मग अशी हसली, अशी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. जन्मभर साऱ्या जगाला टीपी विचारणारी ही बाई, वडिलांच्याच नाक्यावर, विनापरवाना पकडली गेली होती. मी त्या मुलीला म्हटलं, "अगं, या लहानूजीभाऊंची मुलगी. नाकेदार खोब्रागडे, इथेच होते."

"काऊन सांगता, मॅडम!" विशाखाच माझ्यावर डाफरली. "नियम म्हणजे नियम. बनव बाई तू टीपी. मी उभी हाय इथी."

मागून अहेरीची एसटी आली. विशाखानं हात करून ती थांबवली. "तुमी जा यानं. बाबा वाट पाहून राह्यले, अन् या खेपेले मटण थंडं झालं तं माही खैर नाई." मी पायरीवर पाय ठेवणार तोच तिनं किंकाळी फोडली. एका अळीनं दोन पानं जवळ ओढून घेतली होती आणि मधून एक बारीक, ओलसर तार चमकत होती.

"निघाला! धागा निघाला! पाहा, पाहा, कोतवालानं दवंडी देल्ली!" एसटीचा कंडक्टर उतरून आला, दोन ट्रकवाले आले, सगळे फांदीभोवती वाकले. वनरक्षक बाईही टीपीचं पुस्तक हातात घेऊन वाकली. मग तिला कामाची आठवण झाली.

"कुठपर्यंत लिहू?"

"हैदराबाद," विशाखा म्हणाली. "अन् वापस. वापसीची बी बनव."

"फांद्या तं सुकतीन तिथी, मॅडम. वापस काय आणता?"

"फांद्या नाई वो. मी."

मी बसच्या पायरीवर होते. कंडक्टर घंटी मारत होता आणि मला ती ऐकू येत नव्हती.

"माणसाले टीपी नाई लागत," ती मुलगी हसत म्हणाली.

"मले लागते." विशाखानं आपला हात तिच्यापुढे धरला. "मार शिक्का. अन् वरच्या बाजूनं मार बाई. सगळ्याईले दिसला पायजे."

मुलीनं आजूबाजूला पाहिलं, मग टेबलावरचा रबरी शिक्का शाईत दाबला. बस सुटली. बांबू वर गेला. मागच्या खिडकीतून मला विशाखा दिसत होती, चवड्यांवर उभी, एका हातात येनाची फांदी, दुसरा हात उंच हलवत. त्या हाताच्या पाठीवरचा निळा शिक्का वळण येईपर्यंत मला दिसत होता.